आमचे साडू आणि दुसऱ्याचा हात

सोलापूरची धूळ कुणाच्या बापाला भीत नाही. बंद कपाटात शिरते, डब्यातल्या डब्यात शिरते, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत नवरानवरीच्या मधोमध जाऊन बसते. तिला जरब बसवणारा एकच माणूस परमेश्वरानं घडवला आणि तो नेमका माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीला देऊन टाकला. हे आमचे साडू. गेली सतरा वर्षं ते या शहरात लोकांच्या खिडक्यांच्या काचा पुसतात. 'पुसतात' असं मी म्हणतो. ते स्वतः तसं म्हणत नाहीत. डॉक्टर जसे 'आज दोन ऑपरेशनं केली' म्हणतात, तसे साडू 'आज दोन बंगलं केलं' म्हणतात आणि मग शांतपणे हात धुऊन जेवायला बसतात. दुचाकीला आडवी बांधलेली घडीची शिडी, हँडलला बादली, पाठीवर कापडांची पिशवी आणि डोक्याला भिजवलेला पंचा, अशी त्यांची स्वारी सात रस्त्याच्या चौकातून निघाली की ओळखीचे लोक आपापल्या घराच्या आठवणीनं ओशाळतात. मी तर नातेवाईक. मी बाराही महिने ओशाळलेलाच असतो.

कारण साडू कुणाकडे गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, खिडक्यांकडे बघतात. माझ्या पुतणीसाठी आम्ही बार्शीला स्थळ पाहायला गेलो होतो. चार जाणती माणसं बरोबर असावीत म्हणून साडूंना नेलं. तिथं सगळे पोहे खात असताना हे खिडकीशी उभे. परतीच्या एसटीत बायकोनं विचारलं, मुलगा कसा वाटला. साडू म्हणाले, "पोरगं बरं हाय. पर काचंवर रंगाचं शिंतोडं तसंच हायती. रंग देऊन दोन वर्सं झाली म्हणत हुते. दोन वर्सं ज्यांना शिंतोडा दिसंना, त्यांना सून काय दिसणार?" हे वाक्य बायकांनी इतकं उचलून धरलं की एसटी सोलापूरला पोचायच्या आत स्थळ मोडलेलं होतं. पुढं पुतणीचं चांगल्या घरी जमलं. साडू ते घर पाहायला जायच्या आदल्या दिवशी मी त्या व्याह्यांना फोन करून काचा पुसून घ्यायला सांगितलं होतं, हे मी अजून घरात कुणाला बोललेलो नाही.

दुसरा त्यांचा छंद जुन्या कापडाचा. आमचं गाव टॉवेलांचं, चादरींचं. घराघरात टॉवेलांच्या थप्प्या. पण साडूंना नवा टॉवेल काचेजवळ आणलेलाही चालत नाही. नवं कापड काचेवर तंतू सोडतं, म्हणतात. त्यांना लागतं ते सात-आठ वर्षं अंगावर झिजलेलं, शेकडो वेळा धुतलेलं सुती कापड, जे पुढं धरलं तर पलीकडचा माणूस दिसावा. त्यामुळं समारंभात आहेराच्या कपड्यांकडे ते ढुंकून बघत नाहीत, पण एखाद्या म्हाताऱ्याचं विरलेलं धोतर दिसलं की त्यांच्या डोळ्यात वात्सल्य दाटून येतं. एकदा उन्हाळ्यात मी नुसत्या बनियनवर बसलो असताना त्यांनी माझ्या खांद्यावरचं कापड चिमटीत धरलं, दोन बोटांत चोळलं आणि माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाले, "आक्का, ह्ये अजून एक वर्सभर पाव्हण्यांना घालू द्या. मग मला ठिवा." तेव्हापासून तो बनियन अंगात घालताना मला दुसऱ्याची वस्तू वापरत असल्यासारखं वाटे.

पाण्याचं तर विचारूच नका. ज्या शहरात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं तिथं काचा पुसण्याचा धंदा काढणं म्हणजे वाळवंटात होड्या विकण्यासारखं आहे, असं मी त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. त्यावर त्यांनी एका तांब्यात एक खिडकी असं प्रमाण बसवून दाखवलं. तेही बोअरचं पाणी नाही. बोअरच्या पाण्यात क्षार, ते वाळलं की काचेवर पांढरे ठिपके उमटतात. म्हणून साडू शुद्ध केलेल्या पाण्याचा जार विकत घेतात. तो जार ते काचेला देतात आणि स्वतः गिऱ्हाइकाच्या घरचं बोअरचं पाणी पितात. आमच्याकडे आले की अर्धा पेला पिऊन उरलेलं पाणी ते आपल्या बाटलीत ओतून घेतात, आणि ते बघताना माझी बायको दरवेळी माझ्याकडे असं बघते की जणू हे मी त्यांना शिकवलं.

इतका गुणी माणूस, पण एका गोष्टीत हेकट. दुसऱ्याचा हात त्यांना चालत नसे. पहिल्या पंधरा वर्षांत त्यांनी हाताखाली सहा माणसं ठेवली. एकही आठवडाभर टिकला नाही. शेवटचा तर दुपारच्या जेवणापर्यंतच होता. माणसानं काच पुसली की साडू मागून जात, काचेवर हा करून वाफ सोडत, मान तिरपी करत आणि काही न बोलता ती काच पुन्हा पुसत. न बोलता म्हणूनच माणसं पळत. शिव्या दिल्या असत्या तर राहिली असती. "हात येगळा असतो, पाव्हणं," ते मला म्हणत. "माझ्या नावाच्या काचंवर दुसऱ्याचा हात फिरला तर ती काच माझी न्हाय." माझं आयुष्य सहकारी सोसायटीच्या कचेरीत दुसऱ्यांनी केलेल्या कामावर सह्या करण्यात गेलं. हे तत्त्वज्ञान मला कळण्यातलं नव्हतं.

आणि मग होटगी रस्त्याला ती इमारत उभी राहिली. पाच मजली, आणि समोरची अख्खी बाजू काचेची. सोलापूरच्या उन्हात काचेची इमारत बांधावी ही कल्पना मालकांना कुठून सुचली ते मला माहीत नाही, पण वर्षभर काचा पुसायचं काम त्यांनी साडूंना देऊ केलं. एका माणसाचं काम नव्हे. गच्चीवरून सोडायचा लोखंडी पाळणा, कमरेचे पट्टे, आणि निदान सहा-सात जण. होय म्हणायचं तर धंदा वाढवायचा, आणि धंदा वाढवायचा तर तोच दुसऱ्याचा हात. साडू तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी सल्ला विचारायला माझ्याकडे आले. यावरून त्यांची मनःस्थिती किती बिघडली होती ते लक्षात येईल.

मी मात्र हुरळलो. रात्र जागून, फायदे एका बाजूला आणि तोटे दुसऱ्या बाजूला अशी दोन पानं भरून काढली. फायदे सात निघाले आणि तोटेही सातच निघाले. कचेरीतल्या सवयीनं खाली 'योग्य तो निर्णय घ्यावा' असं लिहिलं. साडूंनी दोन्ही पानं नीट वाचली, मग सावकाश चुरगाळली आणि आमच्या बैठकीच्या खिडकीवरचा पालीचा डाग त्यांनी पुसून काढला. "कागद चांगला हाय," म्हणाले.

माझ्या मेहुणीचं मत मात्र कुणी विचारलं नव्हतं. ती बावीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला बसत होती. टॉवेल डोळ्यांपुढून सरकत जातात, त्यातला तुटलेला धागा, सुटलेला काठ, तेलाचा ठिपका पकडायचा, एवढंच काम. अलीकडे कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चाले. तिच्या शेजारी बसणाऱ्या पाचजणींच्या चुलीही तेवढ्याच धीम्या झाल्या होत्या. त्या दिवशी साडूंबरोबर तीही आमच्याकडे आली होती. ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्याकडे न बघता मला म्हणाली, "दाजी, ह्यांना सांगा, आमी सहाजणी हाय. टॉवेलातला धागा आमाला दिसतो, तर काचंवरला डाग न्हाय दिसणार व्हय?" साडू म्हणाले, कापड वेगळं आणि काच वेगळी. ती म्हणाली, "डोळा त्योच की." साडूंनी विषय बदलला, म्हणजे ते उठून आमची दुसरी खिडकी पुसू लागले.

मालकांनाही घाई होती. त्यांनी बाहेरगावची एक मंडळीही बोलावली होती, यंत्रवाली. तळमजल्यावर दाराच्या डाव्या हाताला बारा मोठ्या काचा आणि उजव्या हाताला बारा. डाव्या त्यांनी करायच्या, उजव्या साडूंनी, आणि दुपारी बघून काम कुणाला ते ठरवायचं. इमारत पूर्वेला तोंड करून. समोरच्या गोदामाआडून साडेआठला ऊन काचेवर येणार, आणि उन्हात काच पुसली की पाणी हातातच वाळतं, ओघळ राहतात. म्हणजे सहा ते साडेआठ. अडीच तासांत बारा काचा एका माणसाच्यानं होत नाहीत. हे साडूंना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी ते एकटेच गेले. मी रजा टाकून गेलो, आणि बादली धरून उभा राहिलो. ती सरळ धरा म्हणून त्यांनी मला दोनदा सांगितलं.

थोड्या वेळानं रिक्षातून त्या सहाजणी उतरल्या. साड्यांचे पदर खोचलेले. बघायला आलो, म्हणाल्या. त्यातल्या तिघी आपसात तेलुगूत बोलून हसत होत्या. साडूंना वाटलं आपल्याबद्दल, आणि मेहुणीनं मला नंतर सांगितलं की त्यांच्याबद्दलच. साडेसात वाजता साडूंच्या पाच काचा झाल्या होत्या. डावीकडे यंत्र घोंघावत होतं, बोअरच्या पाण्याचा फवारा धबाधबा उडत होता, आणि त्या लोकांच्या अकरा काचा उरकल्या होत्या. साडूंच्या मानेवरून घाम निथळत होता. सहाव्या काचेला हात घालणार, एवढ्यात मेहुणी पाचव्या काचेपाशी गेली. समोर उभी राहिली नाही. कडेला गेली, मान खांद्यावर टाकली, आणि कारखान्यात टॉवेलाच्या काठाकडे बघतात तशी काचेकडे आडवी बघत राहिली. मग तिनं बोट ठेवलं.

"हितं."

साडू आले. वाफ सोडली. वरच्या कोपऱ्याखाली करंगळीएवढा ओघळ उमटला.

पंधरा वर्षांत त्या माणसाला कुणी डाग दाखवला नव्हता. मी बादलीत बघू लागलो. मला वाटलं, आता हे सगळं सोडून निघून जातील. साडूंनी तो ओघळ पुसला, पुन्हा वाफ सोडली, आणि मग बायकोकडे असं बघितलं की जणू लग्नानंतर तिचं पहिल्यांदाच दर्शन होतंय. तिनं हात पुढं केला. "द्या हिकडं," म्हणाली. साडूंनी कापड दिलं.

एवढंच. धंदा वाढवायचा की नाही यावर मी दोन पानं लिहिली होती, आणि निर्णय असा एका विरलेल्या धोतराच्या तुकड्यावर झाला. मग बाकीच्या पाचजणी दोघी-तिघी मिळून काचांना भिडल्या. एकजण पाणी लावी, दुसरी कापडानं ते ओढून घेई, आणि मेहुणी कडेनं बघत पुढं सरके. सुरुवातीला साडू मागोमाग वाफ सोडत धावले. सातव्या काचेवर काही निघालं नाही. आठव्यावरही नाही. नववीपाशी ते थांबले, तोंड उघडलं आणि वाफ न सोडताच मिटलं. मग तेही मुकाट्यानं दहावीच्या खालच्या कडेला बसून पुसू लागले. ऊन गोदामावरून उतरलं तेव्हा बारावी काच वाळत होती, आणि माझ्या हातातल्या बादलीत दोन तांबे पाणी शिल्लक होतं.

दुपारी मालक आले. तोवर डावीकडच्या काचा वाळून त्यांच्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी उमटली होती. मालक डाव्या बाजूनं इमारत बघत आले आणि उजव्या बाजूला स्वतःला बघत राहिले. खिशातून कंगवा काढला, उरलेले केस नीट बसवले आणि तसेच काचेत बघत म्हणाले, "उद्यापासून सुरू करा." त्या संध्याकाळी साडूंच्या घरी शेंगापोळ्यांची रास पडली. साडूंनी आठ खाल्ल्या, म्हणजे तीन दिवसांचा उपास व्याजासकट फिटला. मेहुणीनं दुसऱ्या दिवशी कारखान्याला रामराम ठोकला. आज त्यांच्याकडे चौदा बायका आहेत, स्वतःचा टेम्पो आहे, तीन इमारती आणि एक महाविद्यालय आहे. सगळ्यांचा निळा पोशाख, कमरेला पट्टे, आणि शेवटची नजर मेहुणीची. तिनं होय म्हटल्याशिवाय पाळणा खाली येत नाही. आमच्या अख्ख्या नात्यात इतकं यश कुणी पाहिलेलं नाही, आणि आपण त्या दिवशी बादली धरली होती हे मी दर लग्नात कुणाला ना कुणाला सांगतोच.

परवा संध्याकाळी कचेरीतून येताना होटगी रस्त्याला साडू दिसले. इमारतीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, स्वच्छ कपड्यांत उभे होते. काम संपलं होतं. बायका पट्टे सोडत, हसत, उद्या कुठं जायचं ते ठरवत फाटकातून बाहेर पडल्या आणि बोलण्याच्या नादात आमच्याजवळून तशाच पुढं गेल्या. साडू त्यांना वाट द्यायला जरा बाजूला सरले. पाच मजल्यांच्या काचांत संध्याकाळचं आभाळ लख्ख उभं होतं. बराच वेळ ते बघत राहिले.

"चांगलं चाललंय की, पाव्हणं," ते म्हणाले. मग म्हणाले, "माझ्याबिगर चाललंय."

मी 'हो' म्हणालो. मग बादली धरून उभं राहावं तसा त्यांच्या शेजारी उभा राहिलो.