दिसलीस तर ऐकू येशील

सुनीताचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाच्या पिठाचे सांडगे, वाळत घालत होते. सुनीता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, राघवची सून. ती उत्तरेकडची. तिची हिंदी मला अर्धी कळते, माझी तिला पाव. पण त्या दिवशी ती नुसती "बुआजी" म्हणाली आणि थांबली... तेवढ्यानं सगळं कळलं. हाताचं पीठ हातावरच वाळलं.

त्या फोनला आता महिना उलटून गेला. कुंभकोणममध्ये मला ओळखणारी माणसं कमी नाहीत, देवळाच्या रस्त्यानं निघाले की चार जण हटकतात, पण ते सगळं तमिळमधून. आमचे यजमान गेले, मुलगी बंगळूरला इंग्रजीत संसार करते. आमच्या पूर्वजांनी इकडे येताना आणलेली ती जुनी मराठी बोलायला मला जगात एक राघवच उरला होता. तुम्ही वाचताय ही मराठी मी मासिकं वाचून वाचून आपली आपणच शिकले. आमची घरातली निराळी. ती ऐकून पुण्याकडचे पाहुणे गालात हसतात. हसोत बापडे.

राघव दिल्लीत सरकारी नोकरीला होता, मोठ्या हुद्द्यावर. बाहेरदेशी परिषदा भरायच्या, तिथं आपलं सरकार उभं राहून जगाला सांगायचं की इंटरनेट मोकळं असावं, कुणाचा आवाज दाबू नये. ती भाषणं लिहायचा हा. वाचायचे दुसरेच, लिहायचा राघव. सुट्टीत घरी आला की कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला हातात घेऊन मला वाचून दाखवायचा आणि इंग्रजी मला कळत नाही म्हणून वाक्यावाक्याला थांबून अर्थ सांगायचा. एकदा मी विचारलं, "अरे, ते खरं. पण तुमच्याच त्या अमक्या राज्यात नेट बंद आहे म्हणून कालच पेपरात होतं ना?" तर हसला. म्हणाला, "अक्का, आपण घरात मराठी बोलतो, रस्त्यावर तमिळ. सरकारचंही तसंच समज. घरातली भाषा निराळी, बाहेरची निराळी." मी म्हटलं, "वा रे शहाण्या! मी घरात तांदूळ म्हणते नि दुकानात अरिसी म्हणते, पण पिशवीत पडतं ते एकच. तुझ्या सरकारच्या पिशवीत काय पडतं ते सांग." त्यावर तो नुसता कापी ढवळत बसला. साखर केव्हाच विरघळली होती.

मग एकदा दिल्लीहून फोन करून विचारू लागला, "अक्का, बोलायला कोणी नसलं की माणसाला कसं वाटतं ग?" यजमान जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. मी म्हटलं, "कसं वाटणार? आडात पाणी दिसतंय आणि जवळ दोर नाही, तसं." ते त्यानं इंग्रजी करून भाषणात घातलं. टाळ्या पडल्या म्हणे. मी चारचौघांत मिरवले, माझं वाक्य परदेशी गेलं म्हणून.

निवृत्त झाला, बायको गेली, मग दिल्ली सोडून मुलाच्या गावी राहायला गेला. आणि तिथं त्याचे कान गेले. थोडे थोडे नाही, पुरतेच. यंत्र लावलं तर नुसता कलकलाट ऐकू यायचा, काढून टाकलं. घरात सगळे हिंदी बोलणारे, भरभर बोलणारे, त्यांच्या ओठांवरून त्याला काही उमगेना. माझं मात्र उमगायचं! लहानपणापासून पाहिलेलं तोंड. मग रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. मी खिडकीकडे तोंड करून बसायचे, सावकाश, ओठ नीट हलवून बोलायचे. पुढेपुढे तर आवाजही काढेनाशी झाले, घशाला कशाला शीण? तो पडद्याला नाक लावून बघायचा आणि मध्येच ओरडायचा, "अक्का, पान थुंकून ये आधी! मज काही कळेना." दिवसभरात त्याच्याशी झालेलं सरळ बोलणं तेवढंच, असं तोच सांगायचा. माझंही तेच होतं, मी सांगितलं नाही कधी.

आणि त्यांच्याकडे नेट बंद झालं. आधी म्हणे परीक्षेत कॉपी होते म्हणून. मग कुठंसं भांडण पेटलं, अफवा पसरतील म्हणून. मग का ते कुणी सांगेना. साधा फोन चालू होता, पण बहिऱ्या माणसाला साधा फोन काय कामाचा? सुनीता तो त्याच्या कानाशी धरायची. मी ओरडायचे, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तिकडून त्याचा आवाज यायचा, "अक्का, तू दिसत नाहीस. दिसलीस तर ऐकू येशील."

त्याच दिवसांत तमिळ पेपरात आतल्या पानावर एक बातमी आली. परदेशातल्या परिषदेत आपल्या प्रतिनिधींनी सांगितलं, की ज्याचं इंटरनेट तोडलं जातं तो माणूस म्हणजे आडाच्या काठावर दोराशिवाय उभा असलेला माणूस. मी दोनदा वाचलं. राघव नोकरीतून गेला तरी वाक्य फायलीत राहिलं होतं, कुणीतरी उचलून पुन्हा वाचलं होतं. माझं वाक्य. तिकडे ते वाचत होते आणि इकडे माझा भाऊ काळ्या पडद्यापुढे... मला त्याला हे सांगायचंच होतं. त्याला राग आला असता की हसू, कोण जाणे, पण त्याच्या सरकारच्या पिशवीत काय पडतं ते आता त्यालाही दिसलं असतं. सुनीताला मोडक्या हिंदीत सांगू पाहिलं, तर ती म्हणाली, "कुआँ? कहाँ है कुआँ, बुआजी?" पत्र लिहायला घेतलं, ते अर्धंच राहिलं. राघव झोपेत गेला. नेट नंतर आलं.

सुनीता पुढं सांगत होती, बंदीतसुद्धा तो संध्याकाळ झाली की शर्ट बदलून, केस विंचरून त्या बंद पडद्यासमोर बसायचा. उठवलं तर चिडायचा.

मुलगा अस्थी घेऊन इथं आला, कावेरीत सोडायला. भटजींचे मंत्र झाले, तेव्हा पोरगा हिंदीत म्हणाला, "आत्या, तुमच्या भाषेत बाबांना काहीतरी सांगा ना. मला येत नाही." काठावर माणसं होती, पण मी लाजले नाही. पाण्याकडे तोंड केलं आणि सावकाश, ओठ नीट हलवून सांगितलं त्याला, तुझं वाक्य पुन्हा वाचलं रे त्यांनी. आवाज काढला नाही.

तेव्हापासून संध्याकाळ झाली की ओठ आपोआप हलू लागतात. परवा फुलवाली दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पाट्टी," म्हणजे आजी, "देवाचं नाव घेताय वाटतं?" मी हो म्हटलं. आज आंबटभाजीत चिंच जरा जास्त पडली, एवढंच सांगत होते... ते तिला कसं सांगू.