डावीकडचा टेम्पो

शहरातल्या वीस-बावीस दवाखान्यांत तिला नावानं कुणी ओळखत नसे. ‘दातवाली ताई’ म्हटलं की पुरे. लॅबमध्ये तयार झालेल्या कवळ्या, कॅपा, सुट्या दाढा छोट्या डब्यांत घालून ती सायकलवरून दवाखान्यांत पोचवायची. परत येताना डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडाची घेतलेली ताजी मापं आणायची. माप सुकलं की आकसतं आणि मग कवळी बसत नाही, त्यामुळे वाटेत रेंगाळायची सोय नव्हती.

“काय ताई, आज किती जणांचे दात पिशवीत?” दवाखान्यातली कुणी ना कुणी विचारायचीच.

“अडीच माणसांचे. चावायचं नाही, असं बजावून आणलेत.”

एकोणीस वर्षं हे चाललं होतं. थंडीच्या सुरुवातीला डाव्या बाजूच्या खांबाला तिचं हँडल दोनदा घासलं, तेव्हा ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तपासलं, पुन्हा तपासलं आणि सांगितलं, “काचबिंदू. समोरचं तुम्हाला नीट दिसतंय, पण डाव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेलीय. गेलेली परत येत नाही. थेंब घालून उरलेली टिकवायची. आणि सायकल आजपासून बंद.”

ती “हो, हो” म्हणाली, बाहेर आली आणि सायकलवर बसूनच घरी गेली.

कामाची काळजी होतीच. पण खरी भीती मुलीच्या जिवाची होती. लेक नुकती कॉलेजला जायला लागली होती, तीही सायकलनं, आणि दोघींची वाट एकच. त्या रस्त्यावरची रहदारी तिला एकटीला झेपेल असं आईला वाटत नसे. म्हणून पहिल्याच दिवशी तिनं नियम घालून दिला होता. “मी पुढे, तू मागे. चौकात मी थांबेन, बघेन आणि ‘ये’ म्हणेन. तू इकडेतिकडे बघत बसू नकोस, घाबरशील. माझ्या चाकाकडे बघायचं आणि यायचं.”

“आई, मी काय वासरू आहे का?” लेक म्हणाली होती. पण तिला सवय झाली. सहा महिन्यांत तिनं त्या वाटेवरच्या एकाही चौकात स्वतः मान वळवली नव्हती.

आता सायकल सोडली तर ही एकटी जाणार, हा विचार आईला सोसवेना. आपण मान जरा जास्त वळवू, दोनदा बघू, म्हणजे झालं, अशी तिनं मनाची समजूत घातली. आणि खरंच, दोन महिने काही झालं नाही. रोज सकाळी जीव मुठीत धरून ती निघायची आणि लेक कॉलेजच्या फाटकातून आत गेली की श्वास सोडायची.

त्या दिवशी पेट्रोल पंपाच्या चौकात तिनं डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. एक बस जाऊ दिली. बस गेली तशी ती निघाली आणि म्हणाली, “ये.” बस जाईपर्यंत डावीकडचं चित्र बदललं होतं, आणि त्या बाजूला तिनं पुन्हा मान वळवली नव्हती.

ती पलीकडे पोचली. मागे ब्रेक किंचाळला. वळून बघते तो लेक रस्त्यावर, सायकल आडवी आणि टेम्पोचा बंपर मागच्या चाकाला टेकलेला. हातातली सायकल तशीच ओढत ती मागे धावली.

लेक मात्र ताडकन उठली. गुडघ्यातून रक्त येत होतं, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. टेम्पोवाला खाली उतरून ओरडला, “ए पोरी, गाडी येतेय, दिसत नाही का?”

“माझ्या आईनं बघितलं होतं! रस्ता मोकळा होता. तुम्हीच सुसाट आलात!”

“अगं, मी हळूच होतो, म्हणून तर वाचलीस!”

“खोटं! आई, सांग ना यांना!”

बघता बघता माणसं जमली. सगळे मुलीच्या बाजूनं. कुणी टेम्पोवाल्याची कॉलर धरली, कुणी त्याची किल्ली काढून घेतली. “माफी माग पोरीची,” एक जण दरडावत होता. तो बिचारा घामाघूम होऊन सगळ्यांची तोंडं बघत होता.

“त्याला सोडा,” आई म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग ती ओरडलीच, “अहो, सोडा त्याला! चूक माझी आहे. मला तो दिसलाच नाही. मला डावीकडचं दिसत नाही!”

लेक आईकडे बघत राहिली. “कधीपासून?”

“थंडीच्या सुरुवातीपासून. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली होती.”

“आणि रोज तू मला ‘ये’ म्हणत होतीस?” लेक रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. तेच आईला जास्त लागलं.

जमलेली माणसं पांगली. लेकीच्या सायकलचं मागचं चाक वाकलं होतं. तिनं रुमाल गुडघ्याला बांधला, आईच्या हातातून आईची सायकल घेतली आणि कॅरियरवरच्या पिशवीवर हात ठेवून विचारलं, “कुठं द्यायचंय हे?”

“एक कवळी आहे. ज्यांची आहे ते आजोबा दवाखान्यात येऊन बसले असतील. राहू दे, मी फोन करते...”

“पत्ता सांग.”

आईनं सांगितला. “अगं, गुडघा तरी...” तोवर लेक सायकलवर बसली होती. चौकाकडे जाताना ती आईच्या डाव्या बाजूला गेली आणि नजरेतून नाहीशी झाली. आईनं मान वळवली, पण मध्ये टेम्पो उभा होता.

टेम्पोवाला अजून तिथंच होता, कॉलर सारखी करत.

“दादा, गेली का हो ती पलीकडे?”

त्यानं थोडं पुढे होऊन बघितलं. “थांबलीय. दोन्हीकडे बघतेय. अजून बघतेय.” थोड्या वेळानं म्हणाला, “गेली, काकू.”

लेकीच्या सायकलचं वाकलेलं चाक तिनं उचलून धरलं आणि सायकल ढकलत ती लॅबच्या दिशेनं चालायला लागली. लॅबच्या मालकांना डोळ्याचं आजच सांगायचं होतं. काय सांगायचं ते ती वाटभर मनात जुळवत होती, आणि दर दहा पावलांवर थांबून लेकीचा फोन आला का ते बघत होती.