गावानं शिव्या देणं थांबवलं तेव्हा

नेरेओ मेर्सेदेस शिव्यांवर पोसलेला माणूस. सान्ता बाल्बिनाची रीतच तशी. बगळ्यांचा, म्हणजे गावच्या बेसबॉल संघाचा, पिचर चेंडू टाकायला उभा राहिला की गाव त्याच्यावर तोंड सोडणार. चांगला टाकला तरी बोलणार, वाईट टाकला तर विचारूच नका. ज्याच्याकडून आस असते त्यालाच माणूस बोलतो. शेजारच्या पोराचं नाक कोण पुसत बसतं?

सगळ्यात मोठं तोंड चेफाबाईचं. स्टेडियमच्या पहिल्याच पायरीवर तळलेल्या पुऱ्यांची टोपली घेऊन बसायची आणि ओरडायची, "अरे मेल्या, तो चेंडू टाकतोस की पोस्टात टाकतोस? पोचणार कधी तो?" सगळं स्टेडियम खिदळायचं, नेरेओ मनातल्या मनात हसायचा, आणि पुढचा चेंडू असा सणसणत जायचा की समोरच्याची बॅट नुसती वारा घालायची.

पुढे खांदा धरला. वयच झालं होतं, त्याला काय औषध? पूर्वी चेंडू दिसत नसे, आता त्यावरची शिवणसुद्धा मोजता यायची. एका रविवारी समोरच्या संघाच्या पोरांनी त्याला धू धू धुतला. मान खाली घालून तो पायरीजवळून निघाला, तर चेफानं हाक मारली.

"ये रे बाळा. दमलास ना? घे, गरम पुरी खा. पैसे राहू देत."

ती पुरी त्यानं तशीच हातात धरून नेली. घरी येऊन त्यानं बायकोला, युदेल्काला, सांगितलं.

"फुकट दिली?" युदेल्का हातातला कांदा तसाच धरून म्हणाली. "चेफानं? मग तू मेलास की काय!"

खेळाचे दोन हिवाळी हंगाम असेच गेले, टाळ्या आणि गोडगोड बोलणं ऐकत. करार संपला आणि नेरेओ मोकळा झाला. आता वाटेल त्या संघात जाता येत होतं. संघाचे मालक गुमेर्सिन्दोशेट यांनी त्याला बोलावून खांद्यावर हात ठेवला, तोही दुखऱ्याच खांद्यावर.

"तू घरचा माणूस. बाकावर बस, लोकांना हात हलव. दाराशी तुझा पुतळा उभा करतो."

नेरेओ हो-हो म्हणून उठला. पुतळ्याला खांदा दुखत नाही हे खरं, पण त्याला चेंडूही टाकता येत नाही.

त्याच आठवड्यात कोंबड्यांचा निरोप आला. कोंबडे म्हणजे डोंगरापलीकडच्या शहराचा संघ. त्यांचा पिवळा रंग गावात कुणी अंगाला लावत नाही. पैसे बेताचे. पण अडलेल्या वेळी एखाद्या खेळाडूला बाद करायला त्यांना नेरेओसारखा डावखुरा हवा होता.

"गाव माझं तोंड बघणार नाही," नेरेओ म्हणाला.

"आता बघतंय तसं बघण्यापेक्षा ते बरं," युदेल्का म्हणाली. "जा."

तो गेला. गाव चिडलं असतं तर बरं झालं असतं. पण न्हाव्याकडे, दुकानात, जिकडे तिकडे एकच ऐकू यायचं: "बिचारा! पोटासाठी जावं लागलं." नेरेओला एकच धास्ती होती. कोंबडे आपल्याच गावात खेळायला येतील तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवतील, आणि मग आपण खरंच संपलो.

तो दिवस आला. आठवा डाव, बगळ्यांचे दोन गडी धावा काढायच्या बेतात. कोंबड्यांच्या प्रशिक्षकानं नेरेओला खुणावलं. पिवळा सदरा घालून तो मैदानात आला. वरून कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी कुणी. त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली आणि पहिला चेंडू टाकला. समोरचा आडदांड पोरगा बॅट फिरवून चुकला.

टाळ्या एकदम थांबल्या.

"अरे दगाबाजा!" चेफा उभी राहिली होती. "आमच्याकडे खांदा दुखत होता ना रे? कोंबड्यांनी कसला लेप लावला?"

"म्हातारं कोंबडं रश्शाला बरं लागतं!" पलीकडून न्हावी ओरडला. "आज शिजवा त्याला!"

मग शिट्ट्या, थाळ्या, ढोल, सगळं एकदम कोसळलं. नेरेओनं श्वास सोडला, दोन वर्षं छातीत कोंडून ठेवल्यासारखा. दुसऱ्या चेंडूलाही पोरगा चुकला. तिसऱ्याला तो हात मागे नेणार, तेवढ्यात त्या गदारोळातून एक बारीक, ओळखीचा आवाज आला.

"टाक की लवकर, रेंगाळ्या! आमची पोरं ताटकळलीत!"

त्याची बायको. जन्माची बगळ्यांची, पण पिचरची बायको म्हणून इतकी वर्षं ओठ शिवून बसलेली. आज बाईला मोकळीक मिळाली होती.

नेरेओला इतकं हसू आलं की पंच खेकसला. हसतहसतच त्यानं चेंडू टाकला. पोरग्यानं तो उंच उडवला, आणि तो सरळ कोंबड्यांच्या एका गड्याच्या हातात जाऊन पडला. बाद! गावानं नेरेओच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो बाकाकडे निघाला, सावकाश, अगदी रमतगमत, एकही शिवी ऐकायची राहू नये म्हणून.