भद्रकालीमागची इटली

समस्त नाशिककरांस, आणि विशेषतः भूगोलाच्या मास्तरांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, इटली हा देश युरोपात आहे ही समजूत चुकीची आहे. निदान एकोणीसशे पस्तीस सालापर्यंत तरी तो भद्रकालीच्या मागच्या गल्लीत, पिंजाऱ्याच्या दुकानाला लागून होता. लांबी बारा फूट, रुंदी आठ फूट, लोकसंख्या एक. त्या एका माणसाला आम्ही इटलीचाचा म्हणत असू.

ज्यांना हसायचे त्यांनी हसून घ्यावे. या देशावर नाशिकने स्वारी केली होती आणि त्या स्वारीचा एक सेनापती मी होतो. ही गोष्ट आठवली की आजही माझे कान तापतात. बायको म्हणते, पन्नाशी आली, आता तरी शांत व्हा. नाही होणार. काही संताप माणसाने जपून ठेवायचे असतात, लोणच्यासारखे.

चाचांचा धंदा सायकली दुरुस्त करण्याचा आणि भाड्याने देण्याचा. पण त्यांच्याकडून सायकल मिळवणे म्हणजे मुलीला मागणी घालण्यापैकी होते. डावा पाय किंचित फेंगडा टाकत ते पुढे यायचे आणि विचारायचे, "कुठे जाणार?" निफाडला, असे म्हणून गिऱ्हाइकाने आग्रा रोडकडे हात केला की संपले. "ती सडक लॉऱ्यांची. तिथे माणूस जात नाही, नुसता पोचतो," असे म्हणून ते सायकल पुन्हा भिंतीला लावायचे. मामलेदार कचेरीतल्या एका कारकुनाला त्यांनी याच कारणावरून तीनदा परत पाठवले होते. चौथ्यांदा तो बिचारा नदीकाठच्या वाटेने सायखेड्याला जातो म्हणाला, तेव्हा कुठे त्याला सायकल मिळाली. पुढे तो दर रविवारी जाऊ लागला. सायखेड्यात त्याचे कोणीही नव्हते.

वाट ते खडूने काढून दाखवत. दुकानाच्या शहाबादी फरशीवर उकिडवे बसायचे आणि एक लांब रेघ ओढायची. रेघेवर एक गोल म्हणजे विहीर, दोन उभ्या काड्या म्हणजे झाड, आणि घराची खूण असेल तिथे पाणी मागायचे. "कागदावर द्या ना, चाचा," असे मी एकदा म्हणालो. त्यांनी सरळ पायाने ती रेघ पुसली. "कागद खिशात राहतो बेटा. वाट डोक्यात राहायला पाहिजे. आता तू काढ." मला काढता येईना. त्या दिवशी मी घरी चालत गेलो.

ही विद्या त्यांनी खऱ्या इटलीत मिळवली होती. पहिल्या महायुद्धात ते लष्कराच्या खेचरांबरोबर गेले होते. परतीच्या प्रवासात, इटलीतल्या कुठल्याशा डोंगराळ स्टेशनात, डब्यातून खेचर उतरवताना ते फळीवरून पडले आणि पाय मोडला. पलटण पुढे गेली. चाचा चार महिने मागे राहिले, एका म्हाताऱ्या चाकवाल्याच्या घरी. त्याची म्हातारी त्यांना उशाशी बसून पाणी पाजायची. म्हाताऱ्याला चाचांची भाषा येत नव्हती, चाचांना त्याची येत नव्हती. पाय जुळल्यावर तो रोज सकाळी भिंतीवर खडूने एक वाट काढायचा, एक सायकल हातात द्यायचा आणि दार उघडायचा. त्या गावाचे नाव काय, असे आम्ही विचारले की चाचा म्हणत, "मला ते म्हणता येत नव्हतं, आणि त्यांना माझं. फिटंफाट."

त्या चार महिन्यांवर ते उरलेले आयुष्य जगले. आमच्या गिरणाऱ्याकडच्या टेकड्या पाहून ते म्हणत, "हुबेहूब. तिथे जैतून, इथे मोह. तिथे सरू, इथे साग. आणि चढावर दम तोच." एका फळीवर त्यांनी स्वतःच्या हाताने निळ्या रंगात 'इटली सायकल वर्क्स' असे लिहिले होते आणि त्याखाली एक टेकडी, तिच्यावरून जाणारी वाट आणि वाटेवर डासाएवढी सायकल रंगवली होती. ती फळी दुकानावर लावलेली असे. घरात बायकामुले नव्हती. होती ती ही फळी.

आणि एक नियम होता. चढ संपला की खाली उतरायचे, मागे वळून बघायचे आणि मगच उतार घ्यायचा. चढ चालत चढलात तरी त्यांना चालायचे, त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. पण मागे न बघता उतार घेणे म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. "चढून आलास ती तुझी कमाई. ती बघितल्याशिवाय निघालास तर चढलास कशाला?" सायकल परत दिली की परीक्षा: मागे काय दिसलं? मी एकदा थाप मारली, नदी दिसली म्हणून. "त्या खिंडीतून नदी उजवीकडे मान वळवल्याशिवाय दिसत नाही. कुठे वळलास?" मी डावीकडे म्हणालो. पुढचा महिनाभर मला ती सायकल मिळत राहिली जिच्या गादीला दुकानात 'खोटारड्याची गादी' असे नाव होते. तिचे वर्णन मी सभ्य वाचकांसाठी गाळतो.

तर असा हा माणूस. आणि आता आमचे शौर्य ऐका.

पस्तीस साली खऱ्या इटलीने आफ्रिकेतल्या हबशांच्या देशावर हल्ला केला. वर्तमानपत्रे रोज पेटलेली असायची. विमानांतून गरिबांच्या झोपड्यांवर बॉम्ब टाकले जात होते. आमचे रक्त उसळले, आणि ते उसळायलाच हवे होते, त्याबद्दल मला आजही लाज नाही. आमचे एक तरुण मंडळ होते, मी त्याचा चिटणीस. अध्यक्ष बापूसाहेब वकील, खादीधारी, अत्यंत सज्जन, 'अरे' हा शब्द ज्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकला नव्हता असे. आम्ही निषेधाचा ठराव केला. टाळ्या झाल्या. पण ठराव करून इटलीला काही झाले नाही. हात शिवशिवत होते आणि आफ्रिका लांब होती. तेवढ्यात कुणालातरी आठवले की भद्रकालीच्या मागे एक इटली आहे.

चाचांनी फळीवरचे नाव पुसावे, तोवर त्यांची सायकल कोणी घेऊ नये, असे ठरले. ते कागदावर कोणी लिहिले? या हाताने. पंधरा दिवस त्यांच्या सायकली भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सायखेड्याचा कारकूनसुद्धा फिरकला नाही.

मग शिष्टमंडळ गेले. बापूसाहेबांनी गल्लीच्या तोंडाशी आपली सायकल लावली आणि नाव पुसण्याची नम्र विनंती केली. चाचा चाकाची तार ताणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वकीलसाहेब, तुमची सायकल कुठली?"

"विलायती," बापूसाहेब म्हणाले आणि जरा थांबले.

"माझ्या सगळ्या विलायतीच. आपल्यावर राज्य कुणाचं ते तुम्हाला मी काय सांगू. दुकानात इटलीची एकच वस्तू आहे, हा डावा पाय. तो तिथल्या लोकांनी जोडला. बॉम्ब टाकणारा वेगळा आणि पाय जोडणारा वेगळा. मी पाय जोडणाऱ्याचं नाव लावलंय."

तार ताणून झाली तसे त्यांनी चाक खाली ठेवले. मग चाचाच म्हणाले, रविवारी माझ्याबरोबर एका वाटेवर चला. वरच्या खिंडीत उभे राहून 'पुसून टाक' म्हणालात तर मी परत येऊन माझ्या हाताने पुसतो. दुसरी बाजू ऐकून घेणे हे वकिलाचे कर्तव्यच, असे म्हणून बापूसाहेबांनी मान्य केले.

आम्हा तरुणांना मात्र हा वेळकाढूपणा वाटला. वकील विरघळणार, हे उघड होते. म्हणून मी मंडळातल्या दोघांशी एक गोष्ट ठरवली, जी बापूसाहेबांना सांगितली नाही. त्या रविवारी दुकान बंद, मालक दहा-बारा मैल लांब. चार वाजता फळीला डांबर फासायचे. आणि मी, चिटणीस, चाचा आणि बापूसाहेबांबरोबर सायकलवरून जायचे, म्हणजे कोणाला संशय नको. ज्याला विश्वासघात म्हणतात तो मी त्या वेळी देशकार्य म्हणून करत होतो, आणि मला वाटते बहुतेक जण तसाच करतात.

रविवारी जेवणे आटोपून आम्ही गंगापूरच्या बाजूने निघालो. गिरणाऱ्याच्या पुढे चाचांनी बैलगाडीची वाट धरली. चिटपाखरू नाही. नुसता चाकांखाली मुरूम वाजत होता. बापूसाहेबांचे धोतर दोनदा साखळीत अडकले, दोन्ही वेळा चाचांनी गुडघ्यावर बसून ते सोडवले आणि स्वतःच्या पायाची लष्करी पट्टी काढून त्यांच्या पायाला बांधली. बापूसाहेबांनी सोवळेपणापायी घरचे पाणी फिरकीच्या तांब्यातून आणले होते. अर्ध्या चढावर ते संपले. जगातल्या सगळ्या दलितांसाठी ठराव करणारा आमचा अध्यक्ष, आणि चिटणीसही, कोळ्याच्या झोपडीपुढे तहानेने उभे होतो आणि पाणी मागायला जीभ रेटत नव्हती.

चाचांच्या खडूच्या रेघेवरचे पाणी मागायचे घर ते हेच, आणि तिथली म्हातारी त्यांच्या जुन्या ओळखीची. धोंडीमावशी. तिने गुळाचा खडा आणि तांब्या पुढे केला. बापूसाहेबांनी डोळे मिटले, प्यायले, पुन्हा तांब्या पुढे केला आणि पुन्हा प्यायले. मग बरे वाटले तसे त्यांना भाषण सुचले. इटली नावाच्या देशाने काय केले ते त्यांनी मावशीला समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.

"लय वंगाळ केलं," ती म्हणाली. मग चाचांच्या पायाकडे बोट केले. "आन ह्याला पाणी पाजलं ती म्हातारी कुठली म्हनायची?"

"तिथलीच," बापूसाहेब म्हणाले.

"मंग तिला नगा शिव्या देऊ."

खिंडीत पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. चाचांनी आम्हाला उतरवले, सायकली दगडाला टेकवल्या आणि आमची तोंडे मागे वळवली. खाली मोहाची झाडे, नागलीची खाचरे, त्यांच्यामधून आम्ही चढून आलो ती वाट, उजवीकडे मान वळवली तर नदीचा चमकणारा तुकडा, आणि अगदी टोकाला धुरकट नाशिक, तळहाताएवढे. बापूसाहेब या जिल्ह्यात जन्मले, या जिल्ह्यासाठी दोनदा तुरुंगात गेले. हे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"बोला वकीलसाहेब," चाचा म्हणाले. "पुसू?"

"थांबा," बापूसाहेब हळूच म्हणाले. "अजून बघतोय मी."

तिथे माझा धीर सुटला. मी चाचांना सगळे सांगितले. चार वाजता, डांबर, मीच ठरवले. आत्ता निघालो आणि जोरात गेलो तर कदाचित, असे म्हणत मी सायकल उचलली. चाचांनी हँडल धरले. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर मी सुटलो असतो.

"तू बघितलंस का पण?" त्यांनी विचारले. "नाही. तू घड्याळ बघत होतास. आधी बघ."

मी बघितले. डोळ्यांत पाणी असताना जेवढे दिसते तेवढे. मग ते निघाले, नेहमीच्याच वेगाने, एकदाही जोरात पाय न मारता. त्या उताराइतका लांब उतार मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

चाचा त्यानंतर तीनच वर्षे होते. तापाने गेले. तोपर्यंत मी नोकरीसाठी नगरला गेलो होतो. पत्र मिळून पोचलो तेव्हा दुकान दुसऱ्याचे झाले होते. पिंजाऱ्याने ती फळी माझ्यासाठी राखून ठेवली होती. चाचांनी डांबर कधी खरवडले नाही आणि नवी फळीही रंगवली नाही. ती काळी फळी तशीच दुकानावर राहिली, आणि सगळे नाशिक तिला इटलीच म्हणत राहिले. आज ती माझ्या बैठकीत आहे. उन्हात तिरकी धरली तर डांबराखालची ती डासाएवढी सायकल उठून दिसते. चढ संपला की मी अजूनही उतरतो, आता मात्र गुडघ्यांमुळे.

पण त्या रविवारचा शेवट सांगायचा राहिला. आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा पाच वाजले असावेत. फळी काळीकुट्ट, डांबर अजून ओघळत होते. खाली आमचे दोन वीर हातात कुंचा घेऊन, शाबासकीच्या अपेक्षेने उभे, आणि त्यांच्यामागे निम्मा बाजार. चाचांनी सायकल भिंतीला टेकवली आणि वर बघितले. मग म्हणाले, "डांबर चांगलं आहे. वाटेतले खड्डे बुजले असते." आणि कुलूप काढायला वाकले. तेव्हा बापूसाहेब वकील, धोतराला साखळीचे काळे, पायाला चाचांची पट्टी, कधी कोणाला अरेतुरे न केलेले बापूसाहेब, सायकल रस्त्यात टाकून देऊन त्या दोघांवर आणि माझ्यावर ओरडले:

"अरे गाढवांनो, माणूस मागे वळून बघेपर्यंत तरी थांबायचं!"