आजारी झाडांची राखण

आजारी झाड दिसलं की नवसाबाईंचा हात थांबत नसे. लग्न होऊन मखमलाबादला आल्या तेव्हा सासूने टोमॅटोच्या वावरात पहिलं शिकवलं ते हेच. पान वाटीसारखं वळलं, शेंडा गोळा झाला, की तो बोकड्या. झाड मुळासकट उपटायचं, गोणीत भरायचं, दिवस मावळायच्या आत जाळायचं. तीस वर्षं त्यांनी ते केलं, आणि तीस वर्षं पांढरी माशी रोग घेऊन येत राहिली. शेवटी घरच्यांनी टोमॅटोच सोडला. २००५ साली नवसाबाई शहराबाहेरच्या एका संशोधन केंद्रात रोजंदारीला लागल्या. गुडघे दुखत होते, पण दुसरं काम येत नव्हतं.

तिथे सुवर्णा नावाची संशोधक मुलगी तीन वर्षं टोमॅटोच्या या रोगावरच झिजत होती. तिने एकदा समजावून सांगितलं, की विषाणू झाडात शिरला की आपलं काम करून घ्यायला आत चिठ्ठ्या धाडतो. त्याच चिठ्ठीचा तुकडा झाडाला आधीपासून देऊन ठेवला, तर झाड ती ओळखतं आणि वाचली जाण्याआधीच तिचे तुकडे करतं.

“म्हंजे सुनेला माहेरची चिठ्ठी आली, की सासूनं दारातच फाडायची,” नवसाबाई म्हणाल्या. सुवर्णा कितीतरी दिवसांनी हसली.

जाळीच्या घरात चोवीस झाडं तशी बदललेली होती, चोवीस साधी. सगळ्यांवर रोगी माश्या सोडल्या होत्या. साधी झाडं आजारी पडणार आणि मोजणीपर्यंत तशीच उभी राहणार, तरच बदललेल्यांचं काही सिद्ध होणार होतं. मार्चअखेर प्रकल्पाची मुदत संपत होती.

मोजणीला दोन दिवस उरले असताना सुवर्णा पुण्याला गेली. नवसाबाईंच्या अंगात ताप होता. पाणी घालता घालता त्या वाकल्या, पुन्हा वाकल्या. भानावर आल्या तेव्हा गोणीत साध्यांपैकी सतरा आजारी झाडं होती.

त्यांनी ती जाळली नाहीत. एकेक काढून, खोडाला बांधलेल्या पट्टीवरचा नंबर बघून, ज्याच्या त्याच्या कुंडीजवळ आडवी ठेवली. सोमवारी सुवर्णा येईपर्यंत ती वाळून गेली होती.

सुवर्णाने आडवी झाडं एकेक करून मोजली. मग म्हणाली, “मावशी, आजारी राहणं हेच त्यांचं काम होतं.”

“मला कळतं. हाताला नाय कळलं.”

केंद्राच्या मोठ्या सरांनी बाई बदला म्हटलं. सुवर्णाने बाई बदलली नाही. अर्ज करून, पैसे देणाऱ्या कचेरीत चार वेळा मुंबईला जाऊन आणखी सहा महिने मिळवले आणि पुन्हा बिया लावल्या. या वेळी आजारी झाडांकडे नवसाबाईच होत्या. रोज सकाळी त्या वळलेल्या पानांमधून पाणी घालत जात. रिकामा हात पदराखाली कमरेत खोचलेला असे. शेंडे गोळा होताना त्यांना बघवत नसे, पण त्या बघत.

मोजणीच्या दिवशी साधी सगळी झाडं आजारी होती. बदललेल्यांपैकी पंधरा हिरवी राहिली, नऊ आजारी पडली. सुवर्णाने आकडे दोनदा तपासले. एवढ्यावर काम पुढे सरकेल, पण वावरापर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं लागतील, असं ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद शोधावा लागत होता.

“आता उपटा, मावशी.”

नवसाबाई उलट्या क्रेटवर टेकल्या. हात पदराखालीच होता. “थांब जरा,” त्या म्हणाल्या. “बसू दे.”