चांगुणा मावशीची बॅटरी

अगं सोनल, जवळ ये जरा. कागदावरून का होईना, ये. "आत्या, ही चांगुणा मावशी कोण गं, तुझ्या बोलण्यात सारखी येते ती?" असं तूच विचारतेस, आणि मी सांगायला तोंड उघडलं की तुझी मीटिंग सुरू. अशी कशी गं तू, प्रश्न विचारून पळून जाणारी? आता लिहूनच काढलंय. मुकाट्याने वाच.

चांगुणा मावशी म्हणजे आधी आवाज. ठाण्यात कोपरीच्या बाजारात ती मासे विकायची, आणि मी बाजाराच्या तोंडाशी मेथी निवडत असले तरी तिच्या ओट्यावर आज काय आलंय ते मला तिथेच कळायचं. आमची ओळख भांडणातून झाली. लग्न होऊन नवी आले होते. पापलेटाचे कल्ले उघडून बघत होते, तर म्हणाली, "काय गो बाय, डाक्टरीन हायस काय? मेलेल्याला तपासतेस?"

मी म्हटलं, "मेलंय कधी, ते तपासतेय."

ती इतकी हसली की शेजारच्या बायका उठून बघायला लागल्या. त्यानंतर मी दुसऱ्या कोणाकडे मासळी घेतली नाही. घेतली असती तर तिने बाजारभर सांगितलं असतं.

अशा बाईला नात झाली ती जन्मापासून ऐकू न येणारी. मावशीची मुलगी मीना कोल्हापूरला दिलेली, तिची ही लेक, इशा. कळलं तेव्हा मावशी ओट्यावर गप्प बसून राहिली. बाजाराला वाटलं, हिला ताप आला. मग एक दिवस मला म्हणाली, "माझ्या आवाजाचा उपेग नाय ना तिला? नाय तर नाय. हात हायेत की." इशा शाळेत हातांची भाषा शिकली आणि सुट्टीत आजीला शिकवू लागली. दोघींनी त्यात घरच्या खुणाही मिसळल्या. नाकाशी, नथीच्या जागी बोट टेकवलं की आजी. तळहात शेपटीसारखा हलवला की मासा. मजा म्हणजे हात चालवताना मावशीचं तोंडही तेवढ्याच जोरात चालायचं.

मी म्हटलं, "अगं, तिला ऐकू येत नाही."

"ठाव हाय गो. माझे हात आवाजाबिगर हलत नाय."

पुढे मावशीचे गुडघे गेले, ओटा सुटला. मुलाने ठाण्याच्या पुढे, दिवा स्टेशनजवळ फ्लॅट घेतला आणि तिला तिकडे नेलं. त्याचा जुना लॅपटॉप तिच्या वाट्याला आला. रविवारी दुपारी त्याच्यावर इशाशी गप्पा, हा तिचा आठवड्याचा सण. आणि मग एके रविवारी इशा आलीच नाही. पुढच्याही रविवारी नाही. मीना म्हणाली, "आई, ती बसायलाच तयार नाही गं. काही सांगतही नाही."

मावशीने निदान केलं. पडदा बारीक, बोटं नीट दिसत नाहीत, आपण भलतंच उत्तर देतो, म्हणून पोर रुसली. औषध एकच, मोठा मॉनिटर. मुलाने पैसे दिले आणि मला फोन आला. "बाय, लॅपटॉप पिशवीत घातलाय, ठाण्याला येते. तू चल. दुकानात विंग्रजी वाचायला कोनतरी पायजे."

आम्ही नौपाड्यातल्या एका दुकानात गेलो. भिंतीवर ओळीने मॉनिटर, आणि सगळ्यांवर एकच हिरवागार पोपट. दुकानदार पन्नाशीचे, गोड बोलणारे. म्हणाले, "आंटी, नुसता कलर बघा याचा."

"आंटी कोनाला बोलतोस? मावशी बोल. आन् तुझा पोपट बोलतो काय?"

"नाही, तो फक्त दाखवायला आहे."

"मंग मना पोपट नको. मना बोटं दाखव."

बोटं कुठून आणायची? तर माझी. मला फोन देऊन फुटपाथवर उभं केलं. मी तिथून व्हिडिओ कॉल करायचा आणि हात हलवायचे, मावशी आत एकेका मॉनिटरवर बघणार. एरवी घसा फुटेस्तोवर ओरडलं तरी न थांबणारे रिक्षावाले त्या दिवशी एकामागून एक थांबायला लागले. एक जण म्हणाला, "जायचं नाही, तर हात कशाला नाचवताय, काकू?" मी हात हलवतच राहिले.

आत यावं तर मावशीचा अंगठा एका मॉनिटरच्या पोटात. माशासारखा दाबून बघत होती. अंगठ्याभोवती इंद्रधनुष्य उमटलेलं आणि दुकानदारांचा चेहरा पांढरा.

"मावशी, दाबू नका, प्लीज."

"दाबल्याबिगर मी जन्मात काय घेतला नाय."

सगळ्यात महागडा मॉनिटर आरशासारखा चकचकीत होता. तो तिने नापास केला. "यात मना माझीच नथ दिसते. पोरगी कुठं दिसायची?" शेवटी मधल्या आकाराचा, चकाकी नसलेला एक पसंत पडला. तिने कमरेची पिशवी सोडली, आणि लाइट गेली.

भिंतीवरचे सगळे पोपट एकदम मेले. इन्व्हर्टरवरची एक ट्यूब राहिली, आणि गल्ल्याजवळचा दुकानदारांचा लॅपटॉप तेवढा चालू. मावशी त्याच्याकडे बघत राहिली.

"हे सगळे गेले. ह्यो एकटा कसा जिता?"

"त्याला बॅटरी असते, मावशी. मॉनिटरला नसते."

"म्हंजे ह्यो मोठा मी घरी नेला, आन् लाइट गेली, तर ह्योबी काळा?"

"हो. आणि तुमचा लॅपटॉप जर नुसता वायरवर चालत असेल, तर तोही."

मावशी स्टुलावर बसली. तिचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "बाय, दिव्याला लाइट सारखी जाते गो. पोर मना काय काय सांगत असते आन् मी मधीच काळी होते. तुला सांगते 'लाइट गेली', तुला पटतं. तिला वाटत असंल, आजीनं तोंड फिरवला." मग म्हणाली, "माझ्याशी कोनी असा वागला असता तर मी तराजू फेकून मारला असता. ती नुसती रुसली."

दुकानदारांनी तिचा लॅपटॉप उलटा केला. खालची बाजू फुगून आलेली. "ही बॅटरी वापरू नका हं, धोक्याचं आहे. आधी काढून ठेवू."

"घ्या," मावशी म्हणाली, "पोट फुगलेलं कधी गिऱ्हाइकाला दिलं नाय, आन् स्वतः मांडीवर घेऊन बसले होते."

नंबर जुळवून नवी बॅटरी मागवायची ठरली. मॉनिटर घ्यायचा राहिला. निघताना तिने बजावलं, "ताजी आन. कपाटात पडलेली नको."

"मावशी, बॅटरी आहे ती, बोंबील नाही."

"शिळं ते शिळं."

बॅटरी बसली त्या रविवारी मी दिव्याला गेले. मीनाने तिकडे इशाला पडद्यासमोर कसंबसं आणून बसवलं होतं. बसली ती पाठ अर्धी फिरवून. ठरल्याप्रमाणे मावशीने मला मान हलवून खूण केली आणि मी घराचा मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, लॅपटॉप चालू. मावशीने माझ्याकडे असं बघितलं जशी काही वीज तिनेच शोधून काढली. आणि तेवढ्यात इशा पडद्यावर गोठली. अगं, इंटरनेटचा डबाही लाइटवरच चालतो, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"बाय, हिला काय झाला?"

मी माझ्या मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडायला घेतलं. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. मावशी तोवर नाकाशी बोट लावून ताठ बसलेली. मी म्हटलं, "हात खाली घे, दमशील." तर म्हणाली, "तिचा डोळा उघडंल तवा मी दिसले पायजे."

इशा परत आली. तिने आजीकडे पाहिलं, मग वर, थांबलेल्या पंख्याकडे बोट केलं. मावशीने हातांनी सांगितलं, लाइट गेली. आजी इथे आहे. इशाने ते परत सांगायला लावलं. मग पूर्ण वळून समोर बसली आणि तिचे हात असे काही सुटले की मला एक अक्षर कळेना.

"काय म्हणते गं?"

मावशीच्या डोळ्यांत पाणी, आणि आवाज थेट कोपरीच्या बाजारातला. "मना शिव्या देते गो, शिव्या. किती दिवसांच्या तुंबल्यात बग."

मागच्या उन्हाळ्यात मीना तिला कायमची कोल्हापूरला घेऊन गेली. जाताना मावशी लॅपटॉप मला देऊन गेली. "पोर आता समोर हाय, मना काय करायचा?" म्हणाली. शेजारच्या घरांना आता वाटतं, मीनाकडे रोज भांडणं होतात. भांडणं कसली, आजी-नात बोलत असतात, त्यातली एकच ऐकू येते.

तेव्हा सोनल, आपण रोज फोनवर बोलतो ते ठीक आहे, पण तू हसताना हल्ली कशी दिसतेस ते मी विसरत चाललेय. येत्या रविवारी ये. कळवलंस तर सुरमई आणून ठेवते. नाही कळवलंस तरी ये.