भांड्यांवरची नावं

"एवढी भांडी? कुठून उचललीस गं?"

ताईसाहेब माझ्या दारात उभ्या. हातात मिटलेली छत्री. छत्रीच्या टोकानं त्यांनी घागरीवरचं फडकं बाजूला सारलं. हात नाही लावला. आमच्या भांड्यांना त्यांचे हात लागत नसत.

माझं घर म्हणजे मलकपेठेच्या मागच्या गल्लीत पत्र्याची एक खोली. त्या खोलीत त्या दिवशी घागरी, हंडे, एक पितळी परात, पाय ठेवायला जागा नाही. मी एकटी बाई. नवरा गेलेला, पोरबाळ नाही. एवढी भांडी मला कशाला? चोरलीच असणार. ताईसाहेबांच्या मागं सेवामंडळाच्या दोघी उभ्या होत्या. त्यातली एक तोंडाला पदर लावून हसली.

चोर मी नव्हते. पण चोर असते तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन काही महिने झाले होते. शहरावर तिरंगा लागला तेव्हा आमच्या गल्लीतही साखर वाटली. आमची माणसं रझाकारांच्या धामधुमीत बिदरकडची खेडी सोडून पळालेली. बाप्ये बेगम बाजारात पोती उचलायचे, बाया लोकांची धुणीभांडी करायच्या. वकिलांच्या, मास्तरांच्या घरच्या बायकांनी सेवामंडळ काढलं होतं. ताईसाहेब त्याच्या अध्यक्ष. खोटं कशाला बोलू, मंडळानं कामं केली. लेकरांना देवी टोचल्या, लुगडी वाटली, रोज सकाळी तान्ह्या पोरांना दूध दिलं. मला लिहा-वाचायला शिकवलं तेही त्यांनीच. पुढं मलाच मंडळात घेतलं, छातीवर लावायला कापडी बिल्ला दिला. तो लावून गल्लीतनं चालताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

पण दुधाला एक अट होती. ज्या घरात तांब्या-पितळेचं मोठं भांडं, त्या घराला दूध नाही. भांडं आहे म्हणजे ऐपत आहे, असं ताईसाहेब म्हणायच्या. महिन्यातनं एकदा घरोघर पाहणी व्हायची. आता आमच्यात बाईला माहेरची एक घागर तरी असते. तिच्यावर नाव कोरलेलं असतं. गाव सोडताना बायांनी धान्य टाकलं, कोंबड्या टाकल्या, पण घागर डोक्यावर घेऊन आल्या. ती मोडीत घालायची होय?

म्हणून पाहणीच्या दिवशी सकाळीच भांडी माझ्याकडं यायची. बिल्लेवालीच्या घराची पाहणी होत नसे. मीच सगळ्यांना म्हणाले होते, "हौ, आणा माझ्याकडं. मी हाय ना."

शेजारच्या गंगूमावशीची घागर तर मी स्वतः उचलून आणलेली. तिची लेक बाळंतपणात गेली होती. मागं दोन महिन्यांची नात राहिली. ती पोर मंडळाच्या दुधावरच जगत होती. घागर त्या लेकीच्या लग्नातली, नावही लेकीचंच.

आणि नेमकी त्या दिवशी ताईसाहेबांना माझ्याकडं यायची लहर आली. आपली कार्यकर्ती कशी राहते बघू तरी, म्हणे.

"बोल की. कुठून उचललीस?"

माझी हैत म्हणता आलं असतं. त्या चोर म्हणाल्या असत्या. म्हणू दे की! बिल्ला काढून घेतला असता. घेऊ दे! पण माझी जीभ उचलली ती त्या बिल्ल्यापायीच.

"माझी न्हाईत, ताईसाहेब. ठेवायला दिलीत."

"कुणी?"

मी घागरीवरचं फडकं परत सारखं केलं.

"नावं असतील की कोरलेली. तुला वाचता येतं ना आता? वाच."

आणि मी वाचली. बया गं, वाचली मी! खाली बसून, एकेक भांडं उजेडाकडं फिरवून, अक्षराला अक्षर जोडून मोठ्यानं वाचली. एका नावाला अडखळले तर ताईसाहेबांनी सुधारून दिलं. मागची बाई वहीत घरं खोडत होती. शेवटी मावशीच्या लेकीचं नाव आलं. ही कुणाची, विचारलं. तेही मी सांगितलं.

"शाबास," ताईसाहेब म्हणाल्या. "प्रामाणिक आहेस."

दुसऱ्या दिवसापासून सात घरांचं दूध बंद झालं. गंगूमावशी घागर न्यायला आली. मला वाटलं, शिव्या देईल, झिंज्या उपटील. उपटायलाच पाहिजे होत्या. ती एवढंच म्हणाली, "तुला वाचाया येतंय म्हून आम्ही किती खुशीत होतो गं."

मावशी पोरीला तांदळाची पेज पाजू लागली. पोर दिवसभर किरकिरायची. आमच्या मधे एकच पत्रा. मी कानात बोटं घालून बसायची. आठवड्यानं मावशीनं घागर बेगम बाजारात नेली आणि मोडीत घातली.

पुढच्या पाहणीला ताईसाहेबांनी मला बरोबर घेतलं. वही माझ्या हातात. मावशीच्या खोलीत एक मडकं आणि ती पोर. ताईसाहेबांनी छत्रीनं चुलीमागं बघितलं, गोधडी उचलून बघितली.

"हं. आता ही खरी गरजू. लिही गं हिचं नाव."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मावशीचं नाव लिहिलं. त्याखाली बाकीच्या सहाही घरांची लिहिली. त्या दिवशी वाचलेलं एकही विसरले नव्हते.

"हे काय? ह्यांच्याकडं भांडी आहेत."

"हैत. लेकरंबी हैत."

"नियमात बसत नाही ते."

"मग आधी तुमच्या घरची पाहणी करू चला. मंग नियम सांगा."

मावशी म्हणाली, "नक्को गं बाई." मी बिल्ला काढला, वहीवर ठेवला आणि वही ताईसाहेबांच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "उपकाराची जाण नाही तुम्हा लोकांना."

मावशीच्या नातीला दूध सुरू झालं. बाकी सहा घरांना नाही. मावशी पुढं माझ्याशी बोलायला लागली, पण परत कधी माझ्या घरात काही ठेवायला आणलं नाही. आणू नयेच.

आज मी गल्लीतल्या बायांना वाचायला शिकवते. अक्षरं मंडळानं मला दिली तीच. पण पाटी हातात द्यायच्या आधी सांगते, दारात उभं राहून कुणी आपल्या माणसाचं नाव वाच म्हटलं, तर पहिलं विचारायचं, कशाला? उत्तर पटेपर्यंत तोंड उघडायचं नाही. चोर म्हणाले तरी नाही.